आभासी वास्तव व पलायन-कक्ष : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील सार्वजनिक करमणुकीचा इतिहास हा मुख्यतः यात्रांचा इतिहास आहे. होळीच्या सुमारास भरणारी सैलानी बाबांची यात्रा, देऊळगाव राजा येथील बालाजीची यात्रा, शेगाव येथील श्री गजानन महाराजांचा प्रकटदिन अशा प्रसंगी दर्शनाला आलेला माणूस आकाशपाळण्यात बसत असे, 'मौत का कुआं'च्या लाकडी कठड्याला टेकून उभा राहत असे आणि खिशात चार पैसे उरले तर टुरिंग टॉकीजच्या तंबूत शिरत असे. शहर फरंगवाल्याच्या पेटीला डोळा लावून दिल्ली-मुंबई पाहणारी मुले याच गर्दीत असत. पेटीच्या आतला अंधार, भिंग आणि बाहेरून ऐकू येणारे निवेदन यांच्या जोरावर काही क्षण जागा विसरायला लावणे, एवढेच त्या करमणुकीचे भांडवल होते.

आज महानगरांतील मॉल व करमणूक केंद्रांत दोन नवे प्रकार रूढ झाले आहेत. डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकाने रचलेल्या जगात वावरणे हा पहिला प्रकार असून त्यास 'आभासी वास्तव' अथवा व्हर्च्युअल रिॲलिटी असे म्हणतात. कोडी सोडवीत ठरावीक वेळेत बंद खोलीतून बाहेर पडणे हा दुसरा प्रकार 'एस्केप रूम' या नावाने ओळखला जातो. प्रस्तुत लेखात त्यास 'पलायन-कक्ष' असे संबोधले आहे. अनेक ठिकाणी हे दोन्ही प्रकार एकाच छताखाली असतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुणे, मुंबई, नागपूर येथे गेलेल्या जिल्ह्यातील तरुणांना ते परिचित आहेत. मेहकर व सिंदखेड राजा तालुक्यांतून जाणारा ७०१ कि.मी. लांबीचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून संपूर्ण खुला झाल्याने महानगरी करमणुकीशी असलेले अंतर आणखी कमी झाले आहे. असे केंद्र तालुक्याच्या गावी निघणे ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही. म्हणूनच या प्रकारांचे कार्य कसे चालते, त्यांत पैसा कसा फिरतो आणि बंद दाराआड गेलेल्या माणसाच्या जिवाची हमी कोण घेतो, हे समजून घेणे अगत्याचे ठरते.

आभासी वास्तवाची पूर्वपीठिका

दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखविली असता मेंदू त्यांतून खोलीची जाणीव निर्माण करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ मध्ये आपल्या स्टिरिओस्कोप या उपकरणाद्वारे सिद्ध केले. आजच्या प्रत्येक हेडसेटच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. मॉर्टन हीलिग या अमेरिकन चित्रकर्मीने १९६२ मध्ये 'सेन्सोरामा' या यंत्राचे पेटंट मिळविले. एका व्यक्तीने आत डोके घालून बसावयाचे, समोर त्रिमितीय चित्रपट चालू व्हावयाचा, आसन हलावयाचे, वारा अंगावर यावयाचा आणि वासही सोडला जावयाचा अशी त्याची रचना होती. शहर फरंगचा हा दूरचा नातलगच म्हणावयाचा. मात्र त्यास भांडवलदार मिळाला नाही.

सेन्सोरामामधील प्रेक्षक पाहत असे. त्याच्या पाहण्याने चित्र बदलत नसे. हा बदल इव्हान सदरलँड याने १९६८ मध्ये घडविला. त्याने डोक्यावर बसविण्याचा असा दर्शक तयार केला की मान वळताच संगणक नव्या कोनातून चित्र रेखाटीत असे. चित्र म्हणजे केवळ प्रकाशरेषांचा सांगाडा होता आणि यंत्राचे वजन छतावरून तोलून धरावे लागे, तथापि आभासी वास्तवाची खरी सुरुवात येथेच झाली असे मानणे उचित ठरेल. पुढे १९८० च्या दशकात जॅरन लॅनिअर याच्या व्हीपीएल रिसर्च या कंपनीने हेडसेट व हातमोजे विक्रीस आणले. सामान्य माणसाने नाणे टाकून खेळावे असे पहिले महत्त्वाचे यंत्र मात्र इंग्लंडमधील लेस्टर येथे जोनाथन वॉल्डर्न याच्या कंपनीने बनविले. 'व्हर्च्युअलिटी' या नावाचे ते यंत्र १९९१ मध्ये खेळघरांत आले, गाजले आणि काही वर्षांतच मागे पडले. चित्रे ओबडधोबड होती व हेडसेट जड होता. निन्टेंडो कंपनीचा १९९५ मधील 'व्हर्च्युअल बॉय' हाही लाल-काळ्या चित्रांमुळे आणि डोळ्यांना होणाऱ्या त्रासामुळे अपयशी ठरला.

भारतीय प्रेक्षकाला खोलीच्या भासाची पहिली मोठी ओळख चित्रपटगृहात झाली. १९८४ मध्ये प्रदर्शित झालेला 'माय डिअर कुट्टिचातन' हा मल्याळम चित्रपट भारतातील पहिला त्रिमितीय चित्रपट होय. 'छोटा चेतन' या हिंदी रूपात तो महाराष्ट्रातही पाहिला गेला. पडद्यातून बाहेर आलेली वस्तू पकडण्यासाठी हात पुढे करणारा प्रेक्षक आणि आज हेडसेट घालून हवेत हात फिरविणारा तरुण यांच्या शरीराची प्रतिक्रिया एकच आहे.

२०१२ मध्ये पामर लकी या तरुणाने ऑक्युलस रिफ्टसाठी लोकवर्गणीतून निधी उभारला. २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी सुमारे २ अब्ज डॉलर्सना विकत घेण्याचे जाहीर केले. भ्रमणध्वनीमुळे स्वस्त झालेले पडदे व गतिसंवेदक हे या पुनरुज्जीवनामागील खरे कारण होय. त्याच वर्षी गूगलने पुठ्ठ्याची घडी, दोन भिंगे आणि भ्रमणध्वनी यांतून हेडसेट करता येतो हे 'कार्डबोर्ड' या साधनाने दाखवून दिले. खेळघरांसाठी निर्णायक ठरले ते २०१६ मधील एचटीसी व्हाइव्ह. त्यात खेळाडूला बसून राहण्याऐवजी काही फूट जागेत चालता-वाकता येऊ लागले. २०१९ च्या ऑक्युलस क्वेस्टने संगणकाची तारही काढून टाकली.

खेळाडूच्या शरीरात काय घडते

अशा केंद्रात येणाऱ्या व्यक्तीकडून प्रथम एका पत्रकावर सही घेतली जाते. फेफरे, हृदयविकार, गर्भावस्था यांची विचारणा होते. मग मोकळ्या चौकोनात उभे करून हेडसेट बसविला जातो आणि दोन्ही हातांत कंट्रोलर दिले जातात. चौकोनाच्या कडेजवळ गेल्यास डोळ्यांसमोर रेषांची जाळी उमटते, ती खऱ्या भिंतीची सूचना असते. खेळ सुरू झाल्यावर सत्तराव्या मजल्यावरून बाहेर काढलेल्या अरुंद फळीवर चालण्यास सांगितले, तर पायाखाली सिमेंटची जमीन आहे हे ठाऊक असूनही बहुतेकांचे पाय थरथरतात. बुद्धीला माहीत असलेली गोष्ट शरीर मान्य करीत नाही. या अवस्थेस 'उपस्थितीची जाणीव' असे म्हणतात व सारा व्यवसाय तिच्यावरच उभा आहे.

ही जाणीव टिकविण्यासाठी मान वळविणे आणि त्यानुसार चित्र बदलणे यांतील विलंब अत्यल्प असावा लागतो. साधारणतः २० सहस्रांश सेकंद ही मर्यादा मानली जाते. व्हाइव्हचा पडदा सेकंदाला ९० वेळा चित्र बदलतो, त्यामागे हेच कारण आहे. विलंब वाढला अथवा खेळाडू जागेवर उभा असताना चित्रातील वाहन धावू लागले, की डोळे 'आपण हलत आहोत' असे सांगतात आणि कानाच्या आतील तोलेंद्रिय 'आपण स्थिर आहोत' असे सांगते. या विसंगतीतून मळमळ, घाम, डोके जड होणे ही लक्षणे उद्भवतात. घाटातून जाणाऱ्या एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्या प्रवाशाची अवस्था हिच्या उलट क्रमाची असते. तेथे डोळे स्थिर पानावर असतात आणि तोलेंद्रियाला वळणे जाणवतात. वैमानिकांच्या प्रशिक्षण-यंत्रांत हा त्रास आधीपासून ज्ञात होता. १९९३ मध्ये केनेडी व सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप करणारी प्रश्नावली सिद्ध केली असून ती आजही वापरात आहे.

डोळ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जवळची वस्तू पाहताना दोन्ही बुबुळे आत वळतात आणि नेत्रभिंगही त्या अंतराला जुळवून घेते. हेडसेटमध्ये बुबुळे चित्रातील अंतरानुसार वळतात, परंतु भिंगाला मात्र एका ठरावीक अंतरावरच स्थिर राहावे लागते. त्यामुळे डोळे थकतात. प्रौढांच्या दोन बाहुल्यांतील अंतर सरासरी ६३ मि.मी. असते, मुलांचे त्याहून कमी. मोठ्यांसाठी बनविलेला हेडसेट लहान मुलाच्या डोळ्यांशी नीट जुळत नाही. मेटा कंपनीने आपल्या हेडसेटची किमान वयोमर्यादा १३ वर्षे ठेवली होती, ती २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीच्या अटीवर १० वर्षांवर आणली. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'पाच मिनिटे बसू द्या' असा पालकांचाच आग्रह असतो आणि केंद्रचालकाला तो मोडवत नाही, येथे खरी कसोटी आहे. लखलखत्या प्रकाशाचा धोकाही कल्पित नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या व्यंगचित्र-मालिकेच्या एका भागातील लाल-निळ्या उघडझापीनंतर सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. तो तर घरातील साधा दूरदर्शन संच होता.

पलायन-कक्ष : कोड्यांची बंद खोली

पलायन-कक्षाचा उगम जपानमधील आहे. बंद खोलीतून वस्तू शोधून बाहेर पडण्याचे खेळ संगणकावर आधीच लोकप्रिय होते. २००४ मधील 'क्रिमझन रूम' हे त्याचे ठळक उदाहरण. २००७ मध्ये क्योतो येथे ताकाओ कातो याने हाच खेळ खऱ्या जागेत, खऱ्या माणसांसह घडवून आणला. २०११ मध्ये बुडापेस्ट येथे 'पॅरापार्क' सुरू झाले आणि तेथून युरोपभर हा प्रकार पसरला. कॅनडातील अभ्यासक स्कॉट निकोल्सन याने २०१५ मध्ये जगातील १७५ केंद्रांची पाहणी प्रसिद्ध केली, यावरून त्याच्या प्रसाराचा वेग ध्यानात यावा.

रचना साधी असते. दोन ते सहा जणांचा गट, साधारणतः ६० मिनिटांचा अवधी, एखादी कथा आणि तीत गुंफलेली कुलुपे. चित्रामागील आकडा पेटी उघडतो, पेटीतील किल्ली कपाट उघडते, कपाटातील चिठ्ठी पुढच्या कोड्याकडे नेते. बाहेर बसलेला गेम मास्टर कॅमेऱ्यातून पाहत असतो व गट अडला की सूचना देतो. खेळाडूंची चाल ओळखून पुरेशी व वेळेवर सूचना देणे हे मोठे कौशल्य आहे. फार लवकर दिली तर खेळाडूंचा विरस होतो आणि फार उशिरा दिली तर ते चिडतात.

कोडे हा सामुदायिक करमणुकीचा विषय असणे मराठी माणसाला नवे नाही. कलगी-तुऱ्याच्या फडांत एका शाहिराने कूटप्रश्न टाकावा व प्रतिपक्षाने त्याची उकल करावी, यासाठी रात्र रात्र श्रोते बसून राहत. भेदिक लावणी हा प्रकार त्यातूनच बहरला. मात्र महानगरांतील पलायन-कक्षांची कोडी बहुधा इंग्रजी भाषेत आणि परदेशी कथांवर बेतलेली असतात. तुरुंग, बँकेवरील दरोडा, खुन्याचा बंगला हे त्यांचे ठरलेले विषय होत. मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला अशा खोलीत बुद्धीपेक्षा भाषाच अडविते.

वास्तविक कुलुपांच्या आकड्यांसाठी आपल्या परंपरेत विपुल साहित्य आहे. जुन्या शिलालेखांत व ग्रंथांच्या समाप्तीलेखांत वर्षे शब्दांनी नोंदविली जात. चंद्र म्हणजे १, नेत्र म्हणजे २, वेद म्हणजे ४, बाण म्हणजे ५, ऋतू म्हणजे ६. या भूतसंख्या उजवीकडून डावीकडे वाचावयाच्या असतात. 'बाण-वेद-नेत्र-चंद्र' असा शब्दसमूह एखाद्या भिंतीवर कोरलेला आढळला, तर कुलपाचा आकडा १२४५ निघतो. उलटा वाचणारा गट ५४२१ लावून घाम गाळीत बसेल. मोडी लिपी ही तर तयार गुप्तलिपीच आहे. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेल्या सिंदखेड राजाचे नाव सांगणाऱ्या जिल्ह्यात, लखुजी जाधवांच्या वाड्याच्या कथेभोवती मोडी पत्रांचा पलायन-कक्ष रचणे अवघड नाही. लोणार सरोवर हाही असाच विषय आहे. सुमारे १.८ कि.मी. व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, हा प्रश्न भूशास्त्रज्ञांनी पुराव्यांचे तुकडे जुळवूनच सोडविला. त्या पुराव्यांच्या क्रमाने कुलुपे उघडत गेली तर नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला भूशास्त्राचा एक धडा हसतखेळत मिळेल. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी का झाले, हे तर जिल्ह्यातील प्रत्येकाने ऐकलेले कोडे आहे.

अर्थकारण

हा व्यवसाय वरवर दिसतो तितका सोपा नाही. आयमॅक्स कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये लॉस एंजेलिस येथे आभासी वास्तवाचे केंद्र उघडले व आणखी काही शहरांत शाखा काढल्या. २०१९ च्या प्रारंभापर्यंत ती सर्व बंद झाली. २०१६ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रयोगाने गाजलेली 'द व्हॉइड' ही संस्था २०२० च्या महामारीत कोलमडली. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल परिसरातून वाढलेल्या 'स्मॅश' या करमणूक-साखळीवर २०२२ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ही मोठ्या भांडवलाची उदाहरणे आहेत. पतसंस्थेचे कर्ज काढून दोन-चार हेडसेट आणणाऱ्या तरुणाने त्यांतून काय घ्यावयाचे?

हिशेब मांडून पाहता चित्र स्पष्ट होते. एका हेडसेटवर दहा मिनिटांचा खेळ आणि चढविणे, उतरविणे, पुसणे यांसाठी पाच मिनिटे धरली, तर तासाला चारच व्यक्ती खेळू शकतात. चार हेडसेट असले तरी सोळा. टुरिंग टॉकीजच्या एका खेळाला तंबूभर माणसे बसत, त्यामुळे तिकीट स्वस्त ठेवता येई. येथे ते परवडत नाही. शिवाय यंत्र काही वर्षांत जुने होते. पलायन-कक्षाचे यंत्र जुने होत नाही, तेथे कोडे शिळे होते. एकदा उघडलेल्या खोलीत तोच गट पुन्हा येत नाही. एक खोली दिवसाला वीस व्यक्तींनी भरली तर वर्षाला सात हजारांहून अधिक नवे खेळाडू हवेत, आणि तेही दरवर्षी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार असली तरी तिचा जेमतेम पाचवा हिस्सा शहरी होता आणि खामगावसह कोणत्याही एका शहराची वस्ती एक लाखापर्यंत पोहोचलेली नव्हती. अशा ठिकाणी स्थायी पलायन-कक्ष वर्ष-दीड वर्षात आपले गिऱ्हाईक संपवून बसेल.

यावर एक उत्तर यात्रेच्या जुन्या अर्थशास्त्रातच आहे. आकाशपाळणा गावाची वाट पाहत नाही, तो गर्दीमागे जातो. फिरत्या वाहनात किंवा तंबूत मांडलेला पलायन-कक्ष दर मुक्कामी नवे खेळाडू मिळवू शकेल व तेच कोडे वर्षभर चालवू शकेल. पण हा मार्ग सुचविताना त्यातील सर्वांत मोठा धोकाही त्याच वाक्यात सांगावयास हवा. तात्पुरता मांडव, विजेच्या उघड्या जोडण्या, डिझेल जनित्र आणि आत कुलूपबंद माणसे ही मांडणी प्राणघातक ठरू शकते.

बंद दार

४ जानेवारी २०१९ रोजी पोलंडमधील कोशालिन या शहरात वाढदिवस साजरा करण्यासाठी पलायन-कक्षात गेलेल्या पंधरा वर्षांच्या पाच मुली मृत्युमुखी पडल्या. बाहेरील दालनातील वायू-तापकाजवळ आग लागली, कर्मचाऱ्याला त्यांच्यापर्यंत पोहोचता आले नाही आणि आतून दार उघडण्याची सोय नव्हती. विषारी धुराने त्यांचा बळी घेतला. त्यानंतर पोलंडमध्ये देशभर पलायन-कक्षांची तपासणी झाली व अनेक बंद करण्यात आले. 'बाहेर पडता न येणे' हा खेळाचा विषय असलेल्या खोलीत ते अक्षरशः खरे ठरले, याची दाहकता सांगून समजणारी नाही.

२५ मे २०२४ रोजी गुजरातमधील राजकोट येथील एका गेम झोनला लागलेल्या आगीत लहान मुलांसह २७ जणांचा मृत्यू झाला. शनिवार होता, उन्हाळी सुटी होती आणि ९९ रुपयांत प्रवेशाची सवलत जाहीर झाली होती. पत्र्याचे व लोखंडी सांगाड्याचे बांधकाम, आत चालू असलेले वेल्डिंग, साठविलेले इंधन आणि अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नसणे या साऱ्या बाबी पुढे आल्या. गुजरात उच्च न्यायालयाने प्रथमदर्शनी ही मानवनिर्मित आपत्ती असल्याचे म्हटले. त्यापूर्वी २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभाच्या मांडवाला आग लागून चारशेहून अधिक जण दगावले होते, त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. फिरत्या पलायन-कक्षाचा विचार करणाऱ्याने राजकोटइतकेच डबवालीही स्मरणात ठेवणे आवश्यक आहे.

दाराचे मोल बुलढाणा जिल्ह्याला कुणी नव्याने शिकवावे असे नाही. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुट्याजवळ खासगी प्रवासी बस उलटून पेटली. बस ज्या अंगावर पडली त्याच बाजूला दार होते. २५ प्रवासी होरपळून मरण पावले आणि जे आठ वाचले त्यांपैकी काही काच फोडून बाहेर पडले. तेथे ना खेळ होता ना कोडे. परंतु आत अडकलेल्या माणसाला दुसरी वाट आहे किंवा नाही, हा प्रश्न तोच होता.

महाराष्ट्रात यासंबंधी कायद्याची चौकट उपलब्ध आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ अन्वये सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियमन व परवाने यांसंबंधी नियम करता येतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची साधने बसविणे व ती चालू स्थितीत राखणे ही जागेचा मालक किंवा भोगवटादार याची जबाबदारी असून, परवानाप्राप्त अभिकरणाकडून 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते. बुलढाणा जिल्ह्यात महानगरपालिका नसल्याने शहरांपुरते हे काम नगरपरिषदांच्या मर्यादित मनुष्यबळावर येऊन पडते. पलायन-कक्ष हा शब्द परवान्याच्या कोणत्या रकान्यात बसवावा, येथूनच अधिकाऱ्याची अडचण सुरू होत असेल तर नवल नाही. दुकान म्हणून नोंद झाली तर कुलूपबंद खोलीचा प्रश्न तपासणीत येणारच नाही.

तांत्रिक उपाय मात्र महागडे नाहीत. खेळातील कुलूप व इमारतीचे दार या दोन गोष्टी पूर्णपणे भिन्न ठेवता येतात. खोलीचे दार कधीच खरे बंद नसावे आणि 'बंद' असल्याचे नाटक खेळाडूंनी व चालकाने संमतीने करावे. अनेक देशांतील जबाबदार केंद्रे आज हेच करतात व त्याने खेळाची गोडी कमी झाल्याचे दिसत नाही. विद्युत-चुंबकीय कुलूप वापरावयाचेच असेल तर वीज जाताच ते आपोआप उघडणारे असावे. लोडशेडिंगची सवय असलेल्या जिल्ह्यात ही अट दुहेरी उपयोगाची आहे. जनित्र व इंधन तंबूपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून ठेवावे. आभासी वास्तवाच्या खेळाडूला तर आजूबाजूचे काहीच दिसत वा ऐकू येत नाही, धूर झाला तरी तो चित्रातील राक्षसाशीच लढत असतो. म्हणून प्रत्येक दोन-तीन हेडसेटमागे एक कर्मचारी, आणि सर्व पडदे एका कळीने बंद करून 'हेडसेट काढा' असा आवाज देणारी व्यवस्था अपरिहार्य मानावयास हवी.

सहामाही प्रमाणपत्राचा हिशेब स्थिर इमारतीला लागू पडतो. जानेवारीत प्रमाणपत्र घेतलेला तंबू होळीला सैलानीच्या माळावर उभा राहतो तेव्हा जमीन वेगळी असते, शेजारी चहाच्या टपरीची शेगडी असते आणि मागील बाजूची वाट दुसऱ्या दुकानाच्या कनातीने अडविलेली असते. त्यामुळे फिरत्या केंद्राची पाहणी प्रत्येक मुक्कामी, तंबू उभारल्यानंतर व पहिले तिकीट फाडण्यापूर्वी, दिवे मालवून आणि आतील गटाला बाहेर पडण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजूनच करावी लागेल.